वरच्या ओढ्याची कुपी

...कुपीच्या तळाशी शेपटीचा तुकडा, नखाच्या कातरणाएवढा, स्पिरिटमध्ये पांढरा पडलेला. चिठ्ठीवर तिचंच नऊ वर्षांपूर्वीचं अक्षर: वरचा ओढा. किती ठाम अक्षर, आणि किती शहाणं!

मासे सोडण्याआधी तपासणी लागते, म्हणून तिने टाकीतल्या माशांच्या, खालच्या ओढ्यातल्या माशांच्या आणि या कुपीतल्या शेपटीचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवले होते. नुसता सोपस्कार, असं साहेब म्हणाले होते. अहवाल सकाळी आला, फक्त तिच्याकडे. वरच्या ओढ्यातला मासा आणि खालच्या ओढ्यातला मासा — दोन्ही बोटाच्या पेराएवढे, दिसायला जुळी भावंडं — जनुकांनी वेगळे होते. लाखो वर्षं वेगळे. आणि तिने ते एका टाकीत सोडले होते. वरचा ओढा रस्त्याखाली बुजवला तेव्हा शेवटचे एकोणीस तिने बादलीतून आणले, दुसरी टाकी गळत होती म्हणून... नाही, खोटं कशाला बोलू? टाकी दोन दिवसांत दुरुस्त झाली असती. मला दया आली. एवढेसे जीव, कोपऱ्यात घोळका करून थरथरत होते. म्हटलं, सोबत होईल.

सोबत झाली. ते एकोणीस केव्हाच मेले. आता टाक्यांत तीनशे होते, सगळे संकराचे, त्यांतला एकही ना धड वरचा, ना धड खालचा. वरचा मासा उरला होता तो या कुपीत.

"बाई, पिशव्या काढू ना?" टाक्या सांभाळणारे मामा दारात उभे. "गाडी सकाळी सहाला येतेय. साहेब पण येणारेत म्हणे, फोटोला."

उद्या हे तीनशे खालच्या ओढ्यात जाणार होते, जिथले मासे अजून अस्सल होते. गप्प बसलं की तेही यांच्यात मिसळून संपणार. बोललं की हे तीनशे मारून या टाक्या रिकाम्या कराव्या लागणार, आणि ते काम मामांच्याच हातून...

"उपाशी ठेवलंत?" तिने विचारलं. प्रवासाआधी ठेवावं लागतं, नाहीतर पिशवीतलं पाणी नासतं.

"कालपासून. बघवत नाही हो. मी नुसता समोरून गेलो तरी सगळी काचेशी धावतात. तुम्हीच म्हणाला होतात, एकाच आईची लेकरं आहेत, नांदू देत एकत्र. नांदली की नाही?"

"नांदली," ती म्हणाली. "पिशव्या... थांबा जरा."

"थांबू म्हणजे? किती वेळ?"

कुपी मुठीत धरून ती टाकीसमोर आली. सावली पडताच सगळे काचेशी गोळा झाले, तोंडं उघडत, मिटत. नऊ वर्षांपूर्वीची तीच दया तिला पुन्हा आली, तशीच, तेवढीच खरी. आयुष्यात पहिल्यांदाच तिला त्या दयेची भीती वाटली.