बिबड्यांखालचा नकाशा

टप्.

भरदुपारची वेळ होती. लाईट गेलेली, त्यामुळे पंखाही गप्प. गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली धरून पडलेलं. एवढ्या शांततेत धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, पाण्याचा थेंब पडला, आणि पाठोपाठ ओल्या तळव्याने थापटल्याचा आवाज आला. चप्, चप्, चप्. खाली खाटेवर तापलेल्या लेकीजवळ सुनंदाबाईचा जरासा डोळा लागला होता. ती दचकून उठली. कोपऱ्यात पाहिलं, तर कोपरा रिकामा.

मित्रांनो, तो थेंब माझ्या तोंडावर पडला होता.

मी भिंतीवर टांगायचा एक जुना नकाशा आहे. धरणगावजवळच्या एका हायस्कुलात माझं आयुष्य गेलं. माझ्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, ‘खिलाफतीचा उदय व विस्तार’. पुढे जे सांगणार आहे ते थोडं चिडूनच सांगणार आहे. रागावू नका. इतकी वर्षं गुंडाळून ठेवलं की कुणीही चिडेल.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. आधी काळ्या रेघा उमटल्या, मग एकेक रंग चढला. शेवटी खळ लावून मला जाड पांढऱ्या मांजरपाटावर चिकटवलं, वर-खाली गुळगुळीत लाकडी काठ्या बसवल्या आणि तोंडावरून व्हार्निशचा हात फिरवला. तेव्हा मी असा चमकत होतो की बांधणाऱ्या कामगाराने मला दोनदा उलगडून पाहिलं.

माझ्यावर तीन रंग आहेत. अरबस्तानावर गडद हिरवा. प्रेषित मुहंमद पैगंबर इसवी सन ६३२ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या शब्दाखाली आलेला हा मुलूख. त्यांच्यामागून समाजाचा कारभार ज्यांच्या हाती आला ते खलिफा. पहिल्या चार खलिफांच्या वेळी इराक, सीरिया, इराण, इजिप्त जोडले गेले. तो माझा पिवळा रंग. मग उमय्या घराण्याने आधी मदिनेत असलेली राजधानी दमास्कसला नेली आणि राज्य पश्चिमेला स्पेनपर्यंत, पूर्वेला आपल्या सिंधपर्यंत पोचलं. तो गुलाबी. शिवाय एक लाल ठिपका आहे, बगदादचा. उमय्यांना हटवून आलेल्या अब्बासींनी ते शहर वसवलं. हे सगळं शंभर-सव्वाशे वर्षांत! हे ऐकून तुम्हाला ‘कसं काय बुवा?’ असं विचारावंसं वाटतं की नाही?

आमच्या शाळेत कुणाला वाटलं नाही.

पहिली काही वर्षं मी रतिलाल सरांच्या हातात होतो. ते मला खिळ्याला अडकवायचे, छडीने माझ्या पोटावर टकटक करायचे आणि म्हणायचे, “इथून सुरुवात, इथे शेवट. सनावळी लिहून घ्या.” मुलं लिहून घ्यायची. घंटा व्हायची. मी पुन्हा गुंडाळीत! एकदा एक पालक वर्गाच्या दारात उभे राहून सरळ म्हणाले, “गुरुजी, कापूस येचनारं पोरगं शे. त्या वाळवंटनं ते काय करी?” रतिलाल सर हसले आणि पुढच्या वर्षी त्यांनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडूनच दिला.

मग मी कामाला लागलो, पण कसल्या? शिपाई चिंधाभाऊंनी मला शिक्षकांच्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला पडदा म्हणून बांधलं. खान्देशातलं ऊन ते! दोन उन्हाळ्यांत माझं व्हार्निश पापुद्रे धरून सुटलं. स्नेहसंमेलनात मला आडवा टांगून माझा भूमध्य समुद्र नाटकातली नदी झाला. कुणी तरी माझ्या उत्तर आफ्रिकेवर चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग अजून आहे. सगळ्यांना माझं कापड हवं होतं, काठ्या हव्या होत्या. माझ्यावर काय लिहिलंय ते कुणालाच नको होतं.

अशात सुनंदाबाई शाळेत आली. रतिलाल सर आजारी होऊन लांबच्या रजेवर गेले, त्यांच्या जागी तात्पुरती. शिमगा झाला आणि निरोप आला की जळगावहून साहेब तपासणीला येणार आहेत. सोमवारी ते तिचा पाठ पाहणार. पाठ चांगला झाला तर तिला कायम करतील, नाही झाला तर जूनपासून घरी बसायचं. वर्गात तोच धडा चालू होता, माझा. तिने खिडकीवरून मला सोडवलं, पदराने पुसलं आणि मुख्याध्यापकांना विचारून शनिवारी घरी नेलं.

“जपा हं बाई,” मुख्याध्यापक म्हणाले. “शाळेत हा एकच आहे.”

इतकी वर्षं पडदा होतो तेव्हा हे कुणाला आठवलं नव्हतं!

त्या शनिवारची संध्याकाळ मात्र मी विसरणार नाही. तिच्या चार वर्षांच्या बेबीला ताप भरला होता. एका मांडीवर बेबी, समोर भिंतीला टेकवलेला मी. तिला पाठही करायचा होता आणि पोरीला निजवायचंही होतं. मग तिने दोन्ही एकत्रच केलं. पाठीवर थोपटत ती म्हणत राहिली, “मदिनाऽ, दमास्कऽस, बगदाऽद… मदिनाऽ, दमास्कऽस, बगदाऽद…” बेबीने अर्धवट डोळे उघडून विचारलं, “आई, बगदाद मामानं गाव शे का?” सुनंदाबाई हसली, म्हणाली, “हो, झोप आता.” आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी नावं इतक्या मायेने उच्चारली. मी कुठे चुरगळलो नव्हतो ना, इतकीच मला काळजी वाटली.

रविवारी सकाळी ती बेबीला घेऊन दवाखान्यात गेली, आणि तिकडे तिच्या सासूबाई, यशोदाबाई, बिबड्या करायला बसल्या.

बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, कशा करतात, माहीत आहे ना? आंबवलेल्या ज्वारीचं घाटं शिजवायचं, त्यात तीळ, लसूण, मिरची घालायची, आणि गरम गरम असतानाच ओल्या कापडावर थापायचं. बिबडी वाळली की कापड उलटं करायचं, मागून पाण्याचा हात फिरवायचा. कापड ओलं झालं की बिबडी अलगद सुटते. त्या दिवशी घाटं उरलं आणि घरातली जुनी लुगडी संपली. यशोदाबाईंची नजर कोपऱ्यात गेली. मी गुंडाळलेला, मांजरपाटाची बाजू बाहेर.

“माय वं! इतलं जाड कापड, काठ्याबी लायेल शेतस,” त्या शेजारच्या प्रमिलाबाईंना म्हणाल्या. “वारावर उडाव नही.”

“तोंडले काय तरी चितरेल दिखस, अक्का,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

“ऱ्हाऊ दे. तोंड खाले, कापड वर.”

आणि त्यांनी मला पालथा घातला. माझं तोंड तापलेल्या धाब्याच्या मातीवर, पाठीवर गरम घाटं. सगळी सकाळ मी असा पडून होतो. सुनंदाबाई दवाखान्यातून आली, बेबीला निजवता निजवता स्वतःच झोपली. आणि दुपारी यशोदाबाईंनी मला उलटा केला. बिबड्या सोडवायला त्यांनी पाण्याचा हात फिरवला, तो थेट माझ्या रंगांवर. व्हार्निश कुठे होतं आता मला वाचवायला?

सुनंदाबाई धावत वर आली तेव्हा यशोदाबाई आपला तळवा उन्हात धरून पाहत होत्या. तो हिरवा झाला होता.

“आत्याबाई! हाऊ नकाशा शे! सकाय सोमवारले मना पाठ शे यान्हावर!”

“कागद तं खाले व्हता,” यशोदाबाई गोंधळल्या. “बिबड्या कापडवर शेतस. मंग तुनं काय बिघडनं?”

“काय बिघडनं? देखा ना! इराण कोठे शे आते? इजिप्त कोठे शे?”

“मी ते कोनतंच गाव देखेल नही, बाई. शाळानं व्हतं तं घर काब्र आनं? तुनी पोरले बिबड्या आवडतस म्हनीसन करी राहिनू ना मी?”

सुनंदाबाईला रडू फुटलं. सासूवर ओरडता येईना, शाळेला तोंड दाखवता येईना, आणि खाली पोर उठून ‘आई, आई’ करू लागलेली. ती धाब्यावर मधोमध बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मला वाटलं, मी पडदाच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

यशोदाबाईंनी खाली जाऊन सरकी काढलेला कापूस आणला. त्याचे बोळे करून माझ्यावरचं पाणी टिपत बसल्या, बेबीच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलतात तितक्या हलक्या हाताने. रेघा बऱ्याचशा वाचल्या. रंग मात्र गेले ते गेलेच. हिरवा पिवळ्यात शिरला होता, पिवळा गुलाबीत. इराण-इराकावर तर नाव नसलेला एक वेगळाच रंग झाला होता.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “बाई, हे काय केलंत? साहेबांना हे दाखवणार?”

“दुसरा नकाशा नाही, सर,” ती म्हणाली. “हाच लावते.”

साहेब मागच्या बाकाजवळ खुर्ची टाकून बसले. मला खिळ्याला टांगलं. वर्ग खुसखुसला. पुढच्या बाकावरचा अभिमन नाक उडवत म्हणाला, “बाई, बिबड्यास्ना वास ई राहिना!” सगळे हसले. साहेबही हसू दाबून खिडकीकडे पाहू लागले. सुनंदाबाईचे कान लाल झाले. पण ती म्हणाली, “हो. माझ्या घरी ह्याच्यावर बिबड्या वाळल्या. पाणी पडलं आणि रंग वाहिले. चूक माझी. आता इकडे बघा.”

आणि ती सांगू लागली. पूर्व रोमचं आणि इराणचं अशी दोन्ही राज्यं एकमेकांशी लढून कशी थकली होती. अरबस्तानातल्या विखुरलेल्या टोळ्या एका श्रद्धेखाली कशा एकत्र आल्या. काही शहरं लढाईने पडली, काहींनी तह करून दरवाजे उघडले. जे लोक आपल्या जुन्या धर्मात राहिले त्यांच्याकडून वेगळा कर घेतला गेला. दमास्कसच्या कचेऱ्यांत बराच काळ ग्रीकमध्येच लिहिलं जात होतं, अरबी नंतर आली. खलिफा कोण व्हावं ह्यावरून आपसांतही रक्त सांडलं, आणि ती फूट पुढे राहिली. छडी तिने हातात घेतलीच नाही, बोटानेच दाखवत होती. आणि मित्रांनो, वर्गात कुणी लिहून घेत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

साहेबांनी काय शेरा मारला ते मला कुणी वाचून दाखवलं नाही. पण जूनमध्ये सुनंदाबाई त्याच वर्गात होती, कायम होऊन. माझ्यावर मात्र ‘निकामी’ असा शिक्का बसला. आता मी माळ्यावर आहे, एका फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी. पाली अंगावरून फिरतात. तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उन्हात बांधू नका, ओल्या हाताने धरू नका. आणि पुन्हा गुंडाळण्याआधी त्याला काहीतरी विचारा. काहीही विचारा.

मी हे एवढं तळमळून का सांगतो, तर त्या दिवशी पाठ संपता संपता मला खरंच विचारलं गेलं. आयुष्यभर ज्याची वाट पाहून मी कुढत राहिलो, तो क्षण आला. आणि माझ्या साऱ्या अंगावर कुठेही त्याचं उत्तर छापलेलं नव्हतं. सुनंदाबाईचं बोट तेव्हा माझ्या इराण-इराकावर होतं.

खिडकीजवळच्या बाकावरून कोकिळा नावाची मुलगी उठली होती. तिने आधी शाळेच्या भाषेत सुरुवात केली, मग घरच्या भाषेत घसरली.

“बाई, तिथं… ते रंग मिसळलेत ना, जठे हाई राज्य सरनं आनि ते सुरू व्हयनं… तठली एखादी माय सांजले तिनी पोरले काय सांगे, आपुन कोन शेतस?”