मास्तरांचा चहा

वॉर्डात सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत. मानाने नव्हे, चिडवायला. चादरी बदलणारी, बेडपॅन धुणारी मुलगी जरा फुरसत मिळाली की रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून बसते म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? तिनेही ते नाव मुकाट पत्करलं होतं. कॉलेजची पहिली वर्षं तिने अशी उधळली होती की गुणपत्रक चारचौघांत काढायची सोय नव्हती. मेडिकलचा अर्ज एकदा परत आला होता. प्रवेशाचं बघणाऱ्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “रसायनशास्त्र पुन्हा दे. वर्षभर पेशंटमध्ये काम कर. मोठ्या डॉक्टरांचं शिफारसपत्र आण. जुने गुण पुसले जात नाहीत, पण शेजारी नवे चांगले दिसले तर विचार होतो. एकदाच होतो, हे लक्षात ठेव.”

तेव्हापासून ती राबत होती. आई तर गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली. शेजारपाजारी तिचं ‘आमची डॉक्टर’ सुरूसुद्धा झालं होतं.

अशात खिडकीजवळच्या खाटेवर मास्तर आले. खुब्याचं हाड मोडलेलं आणि छाती कमजोर, म्हणून ऑपरेशन लांबलेलं. जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. पहिल्याच दिवशी तिच्या हातातलं पुस्तक बघून म्हणाले, “काय गं, वाचतेस की उशाला घेतेस?”

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. मास्तर आडवे पडून छताकडे बघत सांगायचे, ती स्टुलावर बसून लिहायची. एकच कडक नियम होता: खोडायचं नाही. “चुकलीस तर एक रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. चूक गिळून टाकणाऱ्यांच्या वह्या मी न तपासता परत केल्यात.” इतकी वर्षं डोक्यावरून गेलेला विषय हळूहळू तिच्या डोक्यात शिरला. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने गुणपत्रक पळत जाऊन कुणाला तरी दाखवलं. मास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “आता ते पत्र तेवढं मिळव,” म्हणाले.

मग ऑपरेशन ठरलं. सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि संध्याकाळी निरोप आला: अपघाताच्या केसेस आल्यात, आज नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपार कलली तरी बोलावणं नव्हतं. मास्तरांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. स्ट्रेचर ढकलणारा मामा जाता जाता म्हणाला, “आजही नंबर लागत नाही यांचा. लिहून घ्या माझ्याकडून.”

तिला राहवलं नाही. भरल्या पोटी भूल दिली तर काय होतं ते तिला तोंडपाठ होतं. पण आज भूल द्यायचीच नाही, मग म्हाताऱ्याला कशाला मारायचं? घरून आणलेल्या थर्मासमधला चहा तिने कपात ओतला. चांगला दुधाचा, गोड. मास्तरांनी डोळे मिटून तो प्यायला आणि लहान मुलासारखा कप पुन्हा पुढे केला. तिने तोही भरला.

कप विसळून ठेवते न ठेवते तोच मामा स्ट्रेचर घेऊन दारात. “चला मास्तर, लागला नंबर!”

मागोमाग सिस्टर आल्या. “मास्तर, काही खाल्लं-प्यायलं नाहीत ना?”

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. क्षणभरच. “तीन दिवस तुमच्या शिव्या तेवढ्या खाल्ल्या.”

सिस्टर हसल्या. ती हसली नाही, पण बोललीही नाही. तोंड उघडलं असतं तर पत्र गेलं असतं, वर्ष गेलं असतं, सगळंच गेलं असतं. तिच्याजवळून जाताना मास्तर पुटपुटले, “पत्र मिळालं की मला दाखव हं.”

भूल चढताना त्यांना उलटी झाली आणि ती फुप्फुसांत गेली. त्या आठवड्यातच मास्तर गेले. त्यांच्या मुलीने तिचे हात हातात घेऊन म्हटलं, “तुम्ही फार केलंत बाबांचं.” तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

मोठ्या डॉक्टरांनी तिला पत्रासाठी बोलावलं. “नुसतं ‘गुणी मुलगी’ लिहून भागत नाही. एखादा प्रसंग लागतो. मास्तरांची तू केलेली सेवा लिहितो.”

“सर, त्यांना चहा मी दिला होता,” ती म्हणाली. “त्याच दुपारी. दुधाचा. सिस्टरनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिले.”

डॉक्टर उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं. “हे बाहेर गेलं तर सिस्टर जाईल, भूल देणारा जाईल, मीही जाईन,” ते म्हणाले. “मास्तर काही परत येणार नाहीत. तू मला काही सांगितलेलं नाहीस आणि मी काही ऐकलेलं नाही.” मग ते बसले आणि त्यांनी पत्र लिहिलं. मामा नंतर म्हणाला, साहेबांनी एवढं लांबलचक पत्र आजवर कुणाला दिलं नव्हतं.

घरी आईने ते तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली. तिने पत्र समोर ओढलं. त्यात लिहिलं होतं: ‘त्या वृद्ध रुग्णाची तिने अखेरपर्यंत निष्ठेने काळजी घेतली.’

तिने पेन उघडलं. त्या वाक्यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, ‘ऑपरेशनच्या दिवशी मी त्यांना दोन कप चहा दिला आणि विचारल्यावर गप्प राहिले. त्यात ते गेले.’ खाली सही केली आणि पत्र अर्जाच्या पाकिटात घालून पाकीट चिकटवलं.

“साखर किती गं?” आईने आतून विचारलं.

“मला नको,” ती म्हणाली.