दोन क्लचची गाडी

मी ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे, म्हणजे, होते. मित्रांनो, तुमच्या घरची गाडी एका वेळी एकच माणूस चालवतो. मला दोघं चालवायचे. शिकणारा स्टिअरिंगशी झटापट करायचा, आणि शेजारी बसलेल्या सरांच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच होता. वेळ आलीच तर जीव वाचावा म्हणून.

नवी होते तेव्हा सर प्रत्येक शिकाऊला सांगायचे, "हिला नुसतं बोट लावा, निघते!" लोकांनी मला भिंतीवर घातलं, कुंड्यांवर घातलं, एकदा तर सरांच्याच स्कूटरवर घातलं. मी कधी हूं की चूं केलं नाही. लायसन मिळालं की माणसं माझ्या बॉनेटवर थाप मारून जायची. तेवढ्यावर मी खूश असायचे.

मग मी अडखळायला लागले. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं बोंबलायचं, चाकं मात्र ढिम्म. चढावर तर करपल्याचा वास यायचा. सरांनी प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलवाल्याशी भांडून पंपही बदलला. तरी माझं रडगाणं चालूच. शेवटी त्यांनी निकाल लावून टाकला: दोष शिकणाऱ्यांचा! इतकी वर्षं त्यांचेच पाय चुकत आले होते, मग आताही तेच चुकत असणार.

"क्लचवर पाय ठेवून चालवू नका हो!" सर दिवसभर ओरडायचे. आणि ओरडताना त्यांचा स्वतःचा पाय कुठे असायचा? त्यांच्या बाजूच्या क्लचवर! कधी काय होईल या धास्तीने त्यांनी तो तिथून कधी हलवलाच नाही. त्या ओझ्याने इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी माझी क्लच प्लेट झिजत गेली. मी सांगणार कुणाला?

त्याच दिवसांत नर्सताई शिकायला आल्या. रात्रपाळ्या करून त्या पार पिचल्या होत्या; त्यांच्या लेकीला आई दिसायची ती झोपलेलीच. आता घरोघर जाऊन आजारी माणसांना बघायची दिवसाची नोकरी मिळत होती. अट एकच, गाडी चालवता आली पाहिजे. ताईंनी जीव तोडून मेहनत घेतली. इतक्या हलक्या पायाचं माणूस माझ्या नशिबी क्वचितच आलं.

परीक्षेत चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं. ताईंनी काही म्हणजे काही चुकवलं नाही. इंजिन ओरडलं, प्लेट सटकली आणि मी मागे घरंगळत गेले. परीक्षकाने नापास केलं. नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली.

"माझ्या पायांनाच अक्कल नाही, सर," ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"नाही जमत एकेकाला. मनाला लावून घेऊ नका," सर म्हणाले. असा संताप आला म्हणून सांगू!

पुढच्याच आठवड्यात मी त्याच चढावर खुद्द सरांना घेऊन अडकले. त्यांनी बोलावलेल्या मेकॅनिकने हँडब्रेक ओढला, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन बंद पडायला हवं होतं, ते आपलं चालूच. "प्लेट संपली," तो म्हणाला. मग खाली वाकून त्याने विचारलं, "शिकणाऱ्याच्या पेडलपेक्षा तुमच्या पेडलचं रबर झिजून जास्त गुळगुळीत कसं हो?"

सर कान खाजवत राहिले. ताईंना सांगायला त्यांनी फोन काढला, थोडा वेळ हातात धरला आणि खिशात ठेवून दिला. माझ्या जुन्या अंगावर आणखी खर्च नको म्हणून लवकरच नवी गाडी आली, आणि माझी रवानगी भंगाराच्या आवारात झाली.

काल सकाळी रात्रपाळीहून परतणाऱ्या ताई कुंपणापाशी थबकल्या. "अगं बाई, तू इथे?" त्यांनी हात आत घालून माझ्या काचेवरची धूळ पुसली. "मीच वाट लावली ना गं तुझी?" असं म्हणून त्या बस पकडायला निघून गेल्या.

मित्रांनो, गाडी अडखळली तर चालवणाऱ्याला बोल लावण्याआधी एकदा तिचं दुखणं नीट बघा. आणि त्या ताई तुम्हाला कुठे भेटल्या, तर सांगा त्यांना, त्यांचे पाय चांगले होते. मला उद्या कापायला घेणार आहेत. सर तर सांगणार नाहीतच.