मामांची सहा पुस्तकं

मामांच्या ऑफिसातल्या कपाटात धंद्यावरची त्रेचाळीस पुस्तकं होती. सहा कधीच उघडलेली नव्हती, त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. एकतीस एकदा वाचून ठेवलेली. उरलेली सहा मधल्या फळीवर होती, आणि त्यांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं तारखा होत्या. दरवर्षी एक वाचन, एक तारीख. सर्वात जुन्या पुस्तकावर एकोणीस.

मामांचा स्प्रिंगांचा कारखाना आहे. उद्योजकांच्या मंडळानं त्यांना भाषणाला बोलावलं होतं. विषय होता, जम बसलेल्या माणसानं पुन्हा वाचावीत अशी पुस्तकं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी पदवी हातात होती आणि नोकरी नव्हती.

पहिल्याच दिवशी ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या कारखान्याच्या सुपरवायझर, मामांच्या अगदी पहिल्या कामगार.

"शेठ, सात लॉट तुमच्या अंगठ्याची वाट बघत पडलेत."

"येतो. हे एवढं पुस्तक संपवू द्या."

"पुस्तकं वाचून गुळगुळीत केलीत. पालथ्या घड्यावर पाणी!" त्या माझ्याकडे वळल्या. "तुझ्या मामांनी दाबून बघितल्याशिवाय इथून एक स्प्रिंग बाहेर जात नाही. मशीन घेतलंय तपासायला, त्याच्यावर कापड घातलंय. दीड-दीड दिवस माल पडून, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मला."

त्या गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "आठ दिवसांपूर्वी राजीनामा दिलाय. शनिवारी शेवटचा दिवस म्हणतायत."

"आणि तुम्ही?"

"खणात ठेवलाय. त्या गेल्या तर माझा उजवा हात गेला. पण तपासणी दुसऱ्यावर सोडायला मन धजत नाही गं."

ते पुन्हा वाचू लागले. मी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. दोनशे साठ पानांचं पुस्तक त्यांनी बत्तीस मिनिटांत मिटलं आणि तारीख घातली.

"मामा, मिनिटाला आठ पानं?"

"खुणा केलेल्याच ओळी वाचायच्या, बाळा. दूध सगळं कशाला प्यायचं? वरची साय घ्यायची."

"खुणा कधी केल्या?"

"पहिल्या वाचनात. तेव्हा कारखान्यात मी आणि ताई, दोघंच."

मी पुस्तक मागून घेतलं आणि एकेक पान उलटत गेले. खुणा भरपूर होत्या: गिऱ्हाईक कसं टिकवावं, प्रत्येक नग स्वतः कसा बघावा. नवव्या प्रकरणात एकही नव्हती. अठरा पानं कोरी. फक्त मथळ्याशेजारी मामांच्या अक्षरात चार शब्द होते: 'आपल्याला अजून लागू नाही.'

ते प्रकरण पन्नासेक माणसांच्या कारखान्याबद्दल होतं. मालकाच्या काळजीपायी बाकीच्यांना हळूहळू रांगेत कसं ताटकळावं लागतं, त्याबद्दल.

"आता माणसं किती आहेत, मामा?"

"चोपन्न," ते म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला.

ती अठरा पानं वाचायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. दोनदा मागं जाऊन वाचलं. मग त्यांनी ताईंना बोलावलं आणि पुस्तक त्यांच्यासमोर उघडं ठेवलं.

ताईंनी तो शेरा वाचला. "अक्षर तेव्हा बरं होतं तुमचं."

"ताई, थट्टा नको. थांबाल का?"

"एक आठवडा बघते. तारीख पुढच्या शनिवारची करा. तोवर तपासणीच्या टेबलापाशी यायचं नाही. मशीन मी चालवीन, दोन मुलींना शिकवीन."

"आणि खराब माल गेला तर?"

"तर माझ्या नावानं खडे फोडा. एकोणीस वर्षं तुमच्या शेजारी उभी राहिले, मला काय स्प्रिंग कळत नाही?"

मामांनी खणातून राजीनामा काढला, तारीख बदलली आणि पुन्हा ठेवला.

सोमवारी मशीनवरचं कापड निघालं. मामा टेबलापासून दहा पावलांवर, खिशात हात घालून फिरत राहिले. मंगळवारी त्यांना राहवलं नाही. बुधवारी ताईंनी एक खुर्ची उचलून टेबलाच्या वाटेत आडवी ठेवली, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शेठ, बसा. दमला असाल बघून बघून." मुली हसल्या. मामाही हसले, आणि खरंच बसले. गुरुवारी ते ऑफिसात बसून भाषण लिहीत होते. यादीत त्यांनी एकच पुस्तक ठेवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी ताई हात धुऊन आल्या. "द्या तो कागद. पाठकोरा आहे, कच्च्या कामाला येईल."

मामांनी खण उघडून कागद दिला.

मी आठवड्याच्या नोंदी काढल्या. बाहेर गेलेले लॉट: एकतीस. मामांनी तपासलेले: चार, चारही मंगळवारचे. तपासणीसाठी थांबण्याचा सरासरी वेळ: एक तास पन्नास मिनिटं.