समोरच्याने हात केला होता का?

आमच्या पिट्सबर्गमध्ये सिग्नल हिरवा झाला की समोरचा आधी हात करतो. इथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, त्यामुळे डावीकडे वळणारी गाडी त्याला आडवी जाते; तशी पहिली गाडी असेल तर तिला जाऊ देतो, मग स्वतः निघतो. कायद्यात असलं काही नाही. पण जो देत नाही तो बाहेरगावचा, नाहीतर माणूसघाणा, असं आम्ही धरून चालतो. माझ्या बाबांनी, मायरन पेत्राश्कोंनी, जन्मभर असे हात केले आणि असे हात घेतले. त्यांच्या गाडीला कधी ओरखडा आला नाही.

ओरखडा आणला मी.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेला मासा मिळतो, आणि उशीर झाला की नुसती कोबी घातलेली शेवई उरते. घरून निघाल्यापासून माझी भुणभुण चालू होती. सिग्नलला आमचीच गाडी पहिली. ऊन पाठीवर होतं. बाबा डावीकडे बघत होते, कुणी पायी रस्ता ओलांडत नाही ना म्हणून. ते नेहमीच बघतात.

"समोरचा देतोय का गं?"

समोरच्याचा हात वर गेलेला मला दिसला. "देतोय, देतोय! वळा ना बाबा, मासा संपेल!"

बाबा वळले आणि त्याच क्षणी समोरच्यानेही गाडी काढली.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नशीब! समोरून एक तरुण उतरला. टेरेन्स गॅडसन त्याचं नाव. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करतो. त्याने आधी बाबांना लागलंय का विचारलं, आणि मग म्हणाला, "काका, मी हात नव्हता केला हो. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून काचेवरची उन्हाची पट्टी खाली ओढत होतो."

"काहीतरीच काय सांगतोस!" बाबा भडकले. "माझी मुलगी शेजारी बसली होती. तिने डोळ्यांनी बघितलंय."

मी त्याच्या गाडीकडे बघितलं. उन्हाची पट्टी खाली ओढलेली होती. एरवी मी पाद्रीबाबांनासुद्धा तोंडावर सुनावते, पण तेव्हा मूग गिळून गप्प बसले.

विमा कंपनीने अपघात बाबांच्या रेकॉर्डवर चढवला. चूक यांची, असा. बाबा शाळेची व्हॅन चालवतात, चाकाच्या खुर्चीतल्या मुलांची. आई गेल्यापासून ते या मुलांसाठीच सकाळी उठतात. कोरा नावाची एक चिमुरडी आहे, बाबांनी गाणं म्हटल्याशिवाय ती व्हॅनमध्ये चढत नाही. शाळेने स्पष्ट सांगितलं, नोंद निघाली तर ठीक, नाहीतर चाव्या जमा करा. बाबांनी नोंदीविरुद्ध अपील केलं. साक्षीदार एकच, मी.

सुनावणीला बाबा चर्चला जायचा कोट घालून आले. "घाबरू नकोस," मलाच धीर देत होते. "बघितलंस तेवढं सांग."

बघितलं तेवढंच सांगायचं होतं, तिथेच तर घोडं पेंड खात होतं.

सुनावणी घेणाऱ्या बाईंनी शेजारी बसलेल्या टेरेन्सकडे बोट करून मला विचारलं, "यांनी हात केलेला तुम्ही बघितलात?"

"हो, हात वर गेला होता," मी म्हटलं. यात खोटं काय, असं मनाला समजावलं. मनाला मेलं पटत नव्हतं.

आता टेरेन्स तावातावाने बोलेल, मग मलाही भांडता येईल, असं वाटत होतं. पण तो टेबलाकडे बघत राहिला. "मला पट्टी ओढल्याचंच आठवतंय," तो शेवटी म्हणाला. "पण काकांची मुलगी इतक्या खात्रीने सांगतेय. आणि मी इथलाच आहे, नेहमी हात करतोच. त्या दिवशी केलाही असेल."

"नीट विचार करा," सुनावणीच्या बाई त्याला म्हणाल्या. "नोंद तुमच्यावर येईल."

"येईल ना. माझीही नोकरी गाडीवरच आहे. पण नक्की नव्हता केला असं आता छातीठोकपणे कसं सांगू?"

बाबांनी टेबलाखाली माझा हात दाबला. शाबास पोरी, असा. अगं बाई, त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"थांबा," मी म्हटलं. "याने हात नव्हता केला. पट्टीच ओढत होता. तिथे रस्त्यावरच मला ते कळलं होतं. मासा संपेल म्हणून मी बाबांना वळायला लावलं, आणि नंतर बोलायची हिंमत झाली नाही."

बाबांनी हात काढून घेतला. उठले, टेरेन्सपाशी गेले. "माफ कर रे बाळा," एवढंच म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना गाडी मी चालवली. घर जवळ आल्यावर ते बोलले. "तिथल्या तिथे सांगायचं होतंस, पॉला. मी त्या पोराला गावभर खोटारडा म्हणत फिरलो."

"चुकले बाबा."

त्याच दुपारी त्यांनी व्हॅनच्या चाव्या शाळेत देऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना कॉफी देत होते, तेवढ्यात कोराच्या आईचा फोन आला. नवा चालक दारात उभा होता आणि पोरगी हटून बसली होती.

"त्याला गाण्याची पहिली ओळ म्हणायला सांग," बाबा म्हणाले. "पुढचं तीच म्हणते."

मग कोराच्या आईने विचारलं असणार, झालं तरी काय. बाबांनी माझ्याकडे बघितलं. आता माझं नाव घेतील म्हणून मी मान खाली घातली. घ्यायलाच हवं होतं.

"चूक माझीच गं," ते म्हणाले. "ऊन अगदी डोळ्यांवर आलं होतं."

ऊन आमच्या पाठीवर होतं. बाबांना ते पक्कं माहीत होतं.