कोंबडीला आतला टाका

सोफे दुरुस्त करणाऱ्या बाईनं कोंबडी शिवायला घेऊ नये, हे मला त्या दिवशी कळलं. पण ती वेळ का आली, ते आधी सांगते.

वर्षाच्या शेवटच्या सुट्टीला आमच्याकडे सगळे जेवायला जमतात आणि टेबलावर मिरवते ती आईची अख्खी भाजलेली कोंबडी. लसूण, लिंबू, मिरपूड आणि हात सैल सोडून लोणी. भाजायची आईनं, कापायची बाबांनी. बाह्या सरसावून ते टेबलाच्या टोकाला उभे राहायचे, सांधा नेमका शोधायचे आणि पहिला तुकडा, जिनं राबून कोंबडी केली तिच्या ताटात घालायचे.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. काठी घेऊन ते चालू लागले, पण उजवा हात रुसला तो रुसलाच. एका रविवारी हट्टानं त्यांनी डाव्या हातात सुरी घेतली. सांधा सापडेना. जोर लावला, तर कोंबडी ताटातून घसरून थेट आत्याच्या मांडीत. आम्ही हसलो. मायेनंच हसलो, पण हसलो. दादानं पटकन सुरी काढून घेतली. तेव्हापासून पाहुणे आले की बाबा खोलीत जेवतात. यंदाही आईला म्हणाले, "माझं ताट आत आण. कापायचं ते पोरगा कापेल."

मला असा राग आला! बाबांचा नाही, त्या हाडांचा. हाडंच नसली तर सांधा शोधायचाय कशाला?

"हाडं काढा, पण कोंबडी अख्खी राहू दे," मी चिकनवाल्याला म्हटलं.

"ताई, सरळ बोनलेस घ्या की."

"तुकडे नकोत. अंगातून कोट काढतात ना, तशी हाडं काढा."

त्यानं कपाळाला हात लावला, पण पाठीवर चीर देऊन काढून दिली. घरी आईनं नाक मुरडलं. "हाडाशिवाय कसली आलीय चव?" म्हणून मग हाडं उकळून त्या पाण्यात पावाचा चुरा भिजवला, त्यात परतलेला कांदा, कलेजी आणि तिचंच लसूण-लिंबू घातलं. सारण चाखल्यावर आई जरा निवळली. सारण भरून झालं आणि मी चीर शिवायला घेतली. आमच्या सोफ्यांच्या दुकानातली कोरी वाकडी सुई, उकळून घेतलेली, आणि साधा सुती दोरा. हातानं शिवत होते आणि तोंडानं आईशी वहिनीबद्दल बोलत होते. तिथंच घोळ झाला.

कोंबडी छान सोनेरी झाली. टेबलावर आणली आणि दोरा काढायला गेले, तर दोरा दिसेचना! अशा वेळी ढोबळ टाके घालायचे असतात, एक टोक ओढलं की सगळा दोरा सुटावा. माझ्या हातांनी सवयीनं सोफ्याच्या पाठीचा आतला टाका घातला होता. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. बाबांनीच शिकवलेला.

आत्याच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी कोंबडीलाही नव्हतं, त्यामुळे तिच्या बोलण्याला ऊतच आला. "अगं, तंगडी कुठाय हिची? ही कोंबडी आहे की उशी?"

"आण ती कात्री," दादा म्हणाला.

"खबरदार कात्री लावलीस तर! दोऱ्याचे तुकडे दातांत येतील."

"मग काय, नुसतं बघत बसायचं?"

आमचं भांडण चांगलंच तापलं असताना खोलीच्या दारातून आवाज आला, "कुठला टाका घातलास?"

बाबा काठी टेकून उभे होते.

"आतला," मी म्हटलं.

"कोंबडीला?" आणि बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. हे हसू मी किती महिन्यांत ऐकलं नव्हतं. ते टेबलाच्या टोकाशी आले, काठी खुर्चीला टेकवली आणि डावा अंगठा कोंबडीच्या कडेनं हळूहळू फिरवला. "गाठ कायम डाव्या अंगाला, खाली दडवायची. पुढे कुणाला उसवायचं झालं, तर कापड फाटायला नको." अंगठा थांबला. त्यांनी चिमटीत टोक धरून ओढलं आणि अख्खा दोरा सरसर बाहेर आला.

सुरी तिथंच पडली होती. दादाचा हात पुढे आला, तेव्हा मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

बाबांनी डाव्या हातानं सुरी उचलली. ती कुठं अडली नाही, कुठं घसरली नाही. पहिला काप जाडाभरडा निघाला, एका बाजूला तिरका. तो त्यांनी सुरीवर तोलत माझ्या ताटापर्यंत आणला. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"हाडं का काढलीस, ते कळलंय मला," ते हळूच म्हणाले. मग आत्याच्या ताटासाठी दुसरा काप काढू लागले. "पुढच्या वर्षी ढोबळ टाका घाल. मला डाव्या हातानं ओढायला बरं पडेल."