काजव्यावरची चिकटपट्टी

मित्रांनो, मी शाळेतला एक जुना टॅब आहे. पाठीवर सातचा आकडा डकवलेला, म्हणून वर्गात मला सगळे ‘सात नंबर’ म्हणत. कारखान्यात मी कसा घडलो ते फारसं आठवत नाही. पण खोक्यातून बाहेर आलो तेव्हा समोर टकामका पाहणारे डोळे दिसले, ते आजही आठवतात.

माझ्या पोटात एक कोड्यांचा खेळ होता. एक मीटर रुंद ओढ्याच्या काठावर एक शेळी उभी असे. ओढ्यावर ०.६५ मीटरची फळी आधीच टाकलेली. उरलेल्या जागेत नेमकी बसेल अशी दुसरी फळी तीन फळ्यांतून निवडायची. बरोबर निवडली की शेळी टुणटुण पलीकडे जाई आणि एक तारा मिळे. चुकली की शेळी धपकन पाण्यात! काही वांड पोरं तर तिला आंघोळ घालायला मुद्दाम चुकत. दोनदा चुकलं की कोपऱ्यात एक काजवा उजळे आणि बरोबर फळीचा आकडा सांगून टाकी. तारा तरीही मिळे. तेव्हा मला हा माझा मोठा दयाळूपणा वाटायचा.

माझ्यावर रोज मुंगी खेळे. तिचं अक्षर इतकं बारीक की वर्गानं तिला हेच नाव ठेवलं होतं. तारे मिळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दोनशे बारा तारे! बाई येताजाता म्हणत, “वा मुंगे, तूच आघाडीवर!” आणि मी टम्म फुगत असे.

मग दशांशांची लेखी चाचणी झाली. मुंगीला दहापैकी एक गुण मिळाला.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गात येऊन बाईंना हळूच म्हणाल्या, “सोमवारी हिची परत चाचणी घ्या. नाहीच जमलं तर गणिताला हिला खालच्या वर्गात बसवू.” खालच्या वर्गात मुंगीचा धाकटा भाऊ होता. तिनं मान जी खाली घातली, ती मधल्या सुट्टीपर्यंत वर केली नाही.

सुट्टीत बाई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या. “दाखव बरं, तू कशी खेळतेस?”

मुंगीनं एक फळी दाबली. शेळी पाण्यात. दुसरी दाबली. शेळी पुन्हा पाण्यात. काजवा उजळला, तिनं तिसरी दाबली आणि मी इमानेइतबारे तारा दिला.

“हीच फळी का गं निवडलीस?”

“काजव्यानं सांगितलं.”

बाईंनी मला बाजूला सारलं आणि विचारलं, “पॉइंट पाच मोठा की पॉइंट पस्तीस?”

“पॉइंट पस्तीस. पाचापेक्षा पस्तीस मोठेच ना, बाई?”

मित्रांनो, त्या वेळी मला फार लाज वाटली. दोनशे बारा वेळा मी तिची पाठ थोपटली होती आणि एकदाही विचारलं नव्हतं की तुला कळलंय का.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी मीटरभर लांब कागदी पट्टी कापली आणि मुंगीकडून तिचे दहा सारखे भाग आखून घेतले. मग एका भागाचे पुन्हा दहा. “आता पाच मोठे भाग मोज. आणि तीन मोठे, पाच बारके.” मुंगी फरशीवर गुडघे टेकून मोजू लागली. मोजता मोजता थांबली.

“अगंबाई! पस्तीसवाली तर आखूड निघाली!”

“निघणारच. आकडा लांब, म्हणून फळी लांब असते होय?”

मग बाईंनी चिकटपट्टीचा तुकडा घेतला आणि माझ्या कोपऱ्यावर, नेमका काजव्यावर चिकटवला. त्या आठवड्यात मुंगीला कसेबसे नऊ तारे मिळाले. पण प्रत्येक फळी तिनं आधी फरशीवर मोजली.

सोमवारी मी बाईंच्या टेबलावर पडून पाहत होतो. मुंगी बाकाच्या कडेवर बोटांनी अंतर मापायची आणि मग बारीक अक्षरात उत्तर लिहायची. दहापैकी सात! ती आपल्याच वर्गात राहिली. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही.

आता माझी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही. वर्गात नवे टॅब आले आणि मी कपाटात गेलो. मला कपाटात ठेवताना शिपाईकाका चिकटपट्टी खरवडू लागले, तेव्हा वरच्या वर्गात गेलेली मुंगी धावत आली. “काका, ती राहू द्या ना,” एवढंच म्हणाली.

म्हणून ती अजून आहे. मित्रांनो, माझ्या भावंडांना जपून वापरा, पाण्यापासून लांब ठेवा. पण एवढ्यानं भागत नाही. एखादं पोर आमच्यासमोर गुपचूप बसून भराभर तारे जमवत असेल, तर जरा त्याच्या शेजारी जाऊन बसा. तारा आम्ही देऊ. ‘का?’ हे मात्र तुम्हीच विचारा.